पान तेच

४ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. "मी ठीक. काम चालू." एवढं लिहायला पावसाळा जावा लागला होय रे? पाठीमागे तुमच्या गावातल्या पुलाचा फोटो आहे. तो पूल तुझ्यापेक्षा जास्त बोलतो.

फोन तू उचलत नाहीस, उचललास तर "क्रेनवर आहे, नंतर करतो" म्हणून ठेवतोस. म्हणून पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही, फार तर फाडता येतं. ते वाचून झाल्यावर फाड.

आपला पाण्यातला कट्टा चालू आहे. तू गेलास म्हणून समुद्राने काही सुतक पाळलं नाही. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे, सर्फबोर्डावर पाय सोडून बसायची आपली जागा तीच आणि आल्या आल्या पहिला प्रश्नही तोच: "पान कितवं?" तू विसरला असशील म्हणून नियम पुन्हा लिहिते. आपण काय वाचतोय ते सांगायचं. कालच्यापेक्षा एक तरी पान पुढे गेलेलं असलं पाहिजे. नसेल, तर पान सरकेपर्यंत लाट घ्यायची नाही, नुसतं बसायचं. आणि काहीही झालं तरी शेवट सांगायचा नाही. हा शेवटचा नियम तुला बरा आठवत असेल.

दंतवैद्य सध्या एक जाडजूड खुनाचं पुस्तक वाचतोय आणि खुनी कोण ते कळत नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघतोय. ग्रंथपाल बाईंचं मधमाश्यांवरचं चाललंय. कोच आपल्या मुलीच्या गोष्टींचं पुस्तक आणतो आणि चित्रांची पानंही मोजतो. भांडलो आम्ही त्याच्याशी. ऐकत नाही.

आता खरं सांगते, तू बसला असशील तर. बाबांना दिसत नाही.

सगळंच नाही असं नाही. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, मुलीचा चेहरा दिसतो का? तर म्हणाले, "कान दिसतात. कान तिच्या आईचे आहेत." डॉक्टर हसले, मी पण हसले आणि मग बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून घेतलं. हे सुधारणार नाही, वाढत जाणार आहे आणि समुद्रात उतरायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

बाबा रोज उतरतात. मी बोर्ड लपवलं, तर दंतवैद्याचं जुनं मागून घेऊन गेले. बोर्डांच्या शेडची किल्ली ठेवून घेतली, तर खिडकीतून आत शिरले, ह्या वयात! कोचला सांगितलं तर तो त्यांचं बोर्ड खुंटीला टांगेल, म्हणजे पाणी कायमचं बंद; ज्याचा दम गेला, कान गेला, त्याचं टांगतोच तो. पण कोच बाबांची नजर कशावरून पारखतो माहीत आहे? पानावरून. माणूस रोज वाचतोय, म्हणजे त्याला दिसतंय. ही अक्कल आपल्या कट्ट्यालाच सुचावी.

मी बाबांना म्हटलं, मी कोचला सांगणार. ते म्हणाले, "सांग की. पण मग रोज सकाळी मी कुठे जायचं, तेही सांग."

तुझं ऐकतील ते. भांडतील, पण तुझंच ऐकतील. ये.

ताई


१७ ऑक्टोबर

बारक्या,

"बाबांना पाण्यात जाऊ देऊ नकोस. सध्या सुट्टी मिळणार नाही." वा! केवढा हा सल्ला! मला तर सुचलंच नसतं. आता मी त्यांना दोरीने बांधून ठेवते आणि तू तिकडे आकाशात बसून लोखंड उचल.

रागावले आहे, पण लिहिणार आहे, कारण दुसऱ्या कुणाला लिहू?

तू विचारलं नाहीस, तरी सांगते, दिसत नसताना पान कसं सरकतं ते. आधी मीच वाचून दाखवायचे. जेवण झालं की ते आडवे व्हायचे आणि मी एक पान वाचायचे, फक्त एक. सकाळी पाण्यात ते माझ्यासमोर तेच पान इतकं थाटात सांगायचे की मलाच वाटायचं, हे मी वाचलंय का? मग डॉक्टरांकडे जाऊन आलो आणि मी ठरवलं, आता वाचायचं नाही. पान सरकणार नाही, कट्ट्यावर बसून राहावं लागेल, कंटाळून आपणहून बाहेर येतील. मला वाटलं मी फार हुशार.

दुसऱ्या दिवशी पाण्यात कोचने विचारलं, पान कितवं? बाबा म्हणाले, "नवीन घेतलंय. पान पहिलं."

मी बोर्डावरून पडायची बाकी होते. घरात नवीन पुस्तक नाही, जुनं त्यांना दिसत नाही. आणि हा माणूस शांतपणे सांगायला लागला, एका रुंद नदीवर एक नावाडी आहे. पूल नाही. इकडून तिकडे जायचं तर त्याच्याच नावेतून. त्याचा मुलगा एक दिवस रागाने पलीकडे गेला, तेही बापाच्याच नावेतून. दुसरी नाव होती कुठे? सगळा वेळ दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले आणि बापाने वल्ही मारत मुलाला पलीकडे सोडलं.

एवढंच. एक पान. मग लाट आली आणि ते गेले.

आता सगळा कट्टा त्या नावाड्याच्या मागे लागलाय. दंतवैद्याने स्वतःचा खुनी अर्धवट सोडला. नावाडी रोज पलीकडे जातो, रिकामी नाव असली तरी जातो. लोक विचारतात, अहो, कुणी बसलेलं नाही, निघालात कुठे? तो म्हणतो, पाणी ओळखीचं राहायला पाहिजे. एके दिवशी पलीकडच्या काठावर त्याला मुलाची चप्पल दिसते. मुलाचीच, अंगठा तुटलेली. तो ती उचलत नाही, तिथेच ठेवतो, उद्या आला तर सापडायला हवी म्हणून.

मी हे सगळं त्यांच्या शेजारी बसून ऐकते. काय करू? "खोटं आहे, पुस्तक नाहीच" असं ओरडू? एकदा तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "चप्पल डावी का उजवी?" आणि मी तोंड मिटलं. कारण मलाही ऐकायचं होतं.

तुझी ती निळी चप्पल अजून मागच्या दाराशी आहे. मी काही म्हणत नाही. नुसतं सांगितलं.

ताई


९ नोव्हेंबर

बारक्या,

घाबरू नकोस, बाबा बरे आहेत. दंतवैद्याच्या मांडीला टाके पडलेत.

लाट मोठी नव्हती. दंतवैद्य आधीच तिच्यावर उभा होता, बरोबर समोर. बाबांनी तीच लाट घेतली. समोर होता ना तो, मधोमध. बाजूला असता तर दिसला असता. बाबांच्या बोर्डाखालचं फिन, ते धारदार पातं, त्याच्या मांडीत घुसलं. पाणी लाल झालेलं बाबांना दिसलं नाही. मी ओरडले ते ऐकू आलं, आणि ते सारखं विचारत राहिले, "काय झालं? कुणाला झालं? सांगा की कुणीतरी!" त्यांची मान सगळीकडे फिरत होती. तो आवाज कानातून जात नाही माझ्या.

दंतवैद्य म्हणाला, चूक माझी, मीच आडवा आलो. साफ खोटं. मी डोळ्यांनी बघितलं.

म्हणून मी संध्याकाळी मनाशी ठरवून कोचच्या शेडवर गेले. तो बोर्डाला मेण लावत होता, ग्रंथपाल बाई पेटीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, एक सांगायचंय, बाबांना दिसत नाही. कोचचा हात थांबला नाही. बाई म्हणाल्या, "बस गं."

त्यांना माहीत होतं रे! सगळ्यांना! बाई म्हणाल्या, "या गावात येणारं प्रत्येक पुस्तक माझ्या हाताखालून जातं. नावाड्याचं पहिलं पान ऐकलं, त्याच दिवशी कळलं. हे पुस्तक कुठे नाही." आणि मग मला एकेक आठवायला लागलं. दंतवैद्य हल्ली प्रत्येक लाटेला बोंब मारायचा, "आली! डावीकडून! मोठी आहे!" मला वाटायचं, याला म्हातारपणी नवीन हौस आलीय. कोच बाबांच्या उजव्या हाताला कधीच कुणाला बसू द्यायचा नाही, त्यांना वळायला जागा मोकळी राहावी म्हणून. आम्ही दोघं बाप-लेक एवढं लपवत होतो आणि सगळा कट्टा आमच्यापासून लपवत होता.

मी भडकले. म्हटलं, तुम्ही माराल त्यांना! आज मांडी आहे, उद्या मान असेल! कोच म्हणाला, "दोनदा गेलो होतो तुमच्या घरी. बोर्ड टांगा म्हणून सांगायला. दोन्ही वेळा त्यांनी दार उघडून विचारलं, 'काय रे, पान कितवं?' मी पान सांगून परत आलो." मग मेणाचा गोळा खाली ठेवून म्हणाला, "तुला जमतंय का बघ ना. आम्हाला नाही जमलं."

मला वाटत होतं, काहीच नाही जमलं तर शेवटी कोच आहे. आता कोच पण नाही.

एक राहिलं. तू गेलास त्या दिवसाबद्दल. बाबा दिवसाला एकच पान पुढे जात होते आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ह्या वेगाने जन्म जाईल तुमचा, थांबा, मीच सांगतो शेवट काय आहे." आणि सांगितलास. आणि त्यांनी तुला पाण्याबाहेर हो म्हणून सांगितलं. आजवर कुणालाच कट्ट्यावरून काढलं नव्हतं त्यांनी. तू बाहेर झालास तो थेट बस स्टँडवर. मी इतके दिवस म्हणत आले, पुस्तकाच्या शेवटावरून घर कोण सोडतं? दोघंही बिनडोक.

पण दिवसाला एकच पान का, ते आता कळतंय ना तुला? तेवढंच दिसत होतं रे. सकाळच्या उन्हात, मान वाकडी करून, एकेक ओळ कडेने धरून. बहुतेक ते त्यांचं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं शेवटचं पुस्तक होतं. तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मी तुला दोष देत नाही. देणार असते तर आधीच दिला असता, मला ओळखतोस.

नावाड्याच्या पुस्तकात आता मुलगा पलीकडच्या काठावर दिसायला लागलाय. लांबून. पिशवी खांद्यावर. नाव काठाला लागलीय.

ये ना रे. आता मस्करी करत नाही.

ताई


३० नोव्हेंबर

बारक्या,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ: "मग पुढे? मुलगा नावेत बसला का?"

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! "येतो" नाही, "येत नाही" नाही, "बाबा कसे आहेत" नाही, पण विचारलंस! तुलाही त्या नावाड्याने धरलं! मी तशीच ओल्या हातांनी बाबांकडे धावले आणि मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, बारक्याने विचारलंय, पुढे काय!

त्यांनी कार्ड हातात मागितलं. कोंबडी बघते तशी मान तिरकी करून कितीतरी वेळ बघत राहिले. तुझं अक्षर मोठं आहे, कदाचित दिसलंही असेल. मग विचारलं, "त्याला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, मी लिहिते त्याला. "सगळं?" सगळं. "बरं," म्हणाले आणि कार्ड उशीखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यात कोचने विचारलं, पान कितवं? बाबा म्हणाले, "पान तेच."

सगळे हसले. म्हणाले, चला, म्हाताऱ्यालाही सुट्टी लागते. नियमाप्रमाणे बाबांनी त्या दिवशी एकही लाट घेतली नाही. दुसऱ्या दिवशी पान तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आता कुणी हसत नाही.

मी घरी विचारलं, अहो, सुचत नाही का पुढचं? एवढं सगळं सुचलं की! तर म्हणाले, "सुचायचं काय त्यात? मुलगा काठावर आहे. नाव लागलेली आहे. पुढचं मी कसं सांगू?"

"बसला म्हणा नावेत. तुमच्याच हातात आहे."

"एकदा सगळ्यांदेखत बाहेर काढला मी त्याला," बाबा म्हणाले. "आता आतही मीच ओढायचा? पाय त्याचे आहेत."

मग मी म्हटलं, बोलवा ना त्याला, मी फोन लावून देते. त्यावर म्हणाले, "कुणाला? पुस्तकातल्या मुलाला?" आणि कूस बदलली.

असे आहेत बघ. तुझ्यासारखेच.

मी ते कार्ड वाचायला नको होतं का रे? पण कसं नाही वाचणार?

ताई


१४ डिसेंबर

बारक्या,

तुझ्याकडून काही नाही. कार्ड नाही, फोन नाही. मी मुकादमाला फोन केला, तो म्हणाला, तुमचा भाऊ वर आहे. तू कायमच वर असतोस.

मला हवं होतं तेच झालं, असं समज. बाबा लाट घेत नाहीत. कुणाला फिन लागायची भीती नाही, मान मोडायची भीती नाही. डॉक्टरांना सांगितलं तर तेही म्हणतील, छान. पण ते पाण्यात येतात आणि बसून राहतात. सगळे येऊन, लाटा घेऊन, बाहेर पडून कामाला जातात, तरी हे तिथेच. थंडी सुरू झालीय. ओठ निळे पडतात. मी शेजारी बसते, दात वाजवत. म्हणते, चला आता. ते म्हणतात, "तू हो पुढे."

आधी ते लाटेवर जायचे तेव्हा माझा जीव मुठीत असायचा. आता समोरून एकेक सुंदर लाट निघून जाते आणि ते तिच्या आवाजाकडे नुसती मान वळवतात, आणि मला वाटतं, घ्या हो एक. पडा, धडका, काय व्हायचं ते होऊ दे, पण घ्या. माझं डोकं ठिकाणावर नाही बहुतेक.

कोच म्हणाला, नियम रद्द. आजपासून पान सरकलं नाही तरी चालेल. बाबा म्हणाले, "मग कट्टा कशाला म्हणायचं ह्याला? पोहायला जा सगळे." ग्रंथपाल बाई म्हणाल्या, दुसरं घ्या, मी रोज येऊन वाचून दाखवते. बाबांनी हात जोडले. म्हणाले, "हे अर्धवट टाकून दुसरं घेत नाही मी." दंतवैद्याने लंगडत येऊन सांगितलं, माझी शपथ आहे तुम्हाला, एक लाट घ्या. तर बाबांनी त्याच्या मांडीची चौकशी केली.

शेवटी मीच एक पान रचलं. दिवसभर शेडमध्ये बोर्डं घासताना रचत होते. संध्याकाळी त्यांना म्हटलं, ऐका. मुलगा पुढे आला. पिशवी आधी नावेत टाकली, मग स्वतः चढला. आधी पाठ करून बसला, मग मधल्या धारेत वळला आणि म्हणाला, द्या इकडे एक वल्हं. मला रडू येत होतं सांगताना. मला वाटलं, छान जमलंय.

बाबांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, "छान आहे. पण हे तुझं पुस्तक आहे, पोरी." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो खांद्यावर पडला. चेहरा दिसत नाही ना.

मी आता तुला ये म्हणणार नाही. मला आणखी कसं म्हणायचं ते माहीत नाही. ओरडून झालं, हसून झालं, रडून झालं. तुला सुट्टी नसेल. लाज वाटत असेल. ते चेहऱ्याकडे बघतील आणि त्यांना दिसणार नाही, याची भीती वाटत असेल. मलाही वाटते, रोज. यायचं नसेल तर एक ओळ लिही, मुलगा बसला नाही म्हणून. तीही चालेल. पान तरी सरकेल.

ताई


२१ डिसेंबर

बारक्या,

आज आम्ही सगळे होतो. दंतवैद्याला खुनी सापडला, पण नियम म्हणून सांगितला नाही. नुसता गालात हसत होता. बाईंच्या मधमाश्या संपल्या, त्यांनी वाऱ्यांवरचं काहीतरी घेतलंय, पान बारावं. कोचने चित्राचं पान मोजलं, त्याला कुणी काही बोललं नाही. मी म्हटलं, माझं वाचून होत नाही हल्ली.

कोच क्षितिजाकडे बघत होता. बाई बोर्डाच्या कडेचं मेण नखाने काढत होत्या. आणि माझ्या लक्षात आलं की आज बाबांना कुणी विचारलं नाही.

वाईट मनाने नाही रे. रोज तेच उत्तर ऐकवत नाही कुणाला. मीच विचारायला हवं होतं, जिभेवरही आलं होतं, पण मलाही ऐकवणार नव्हतं.

बाबा मान तिरकी करून वाट बघत होते. लांबून लाट येत होती, या थंडीतली सगळ्यात चांगली. कुणी ओरडलं नाही, डावी, उजवी, काहीच नाही. शेवटी ते आपणहूनच म्हणाले, "पान तेच."

"हो," कोच म्हणाला. लाट आली आणि सगळे गेले. आम्ही दोघंच राहिलो.

ताई